जुवांव, जॉन आणि योहान

२०१५ च्या जून महिन्यातील गोष्ट. नवे प्रवेश चालू होते आणि जनरल रजिस्टर मी स्वतः भरीत होतो. एका मुलाच्या दाखल्यावर ‘जुवांव’ असे नाव होते. एखाद्या अर्धशिक्षित कारकुनाने ‘जॉन’चे केलेले हे विडंबन असावे, असे समजून मी मुख्याध्यापकी अधिकारात ते शुद्ध केले आणि रजिस्टरात ‘जॉन’ लिहिले. चार दिवसांनी मुलाचे वडील आले. खुर्चीवर न बसताच हळू आवाजात म्हणाले, “सर, जुवांव हें म्हज्या शापायचें नांव.” शापाय म्हणजे आजोबा. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मी अधिक खजील झालो. लाल शाईने दुरुस्ती करून खाली सही केली. परंतु इतिहासाचा एम.ए. म्हणविणाऱ्या मला एका नावाचा इतिहास ठाऊक नव्हता, ही रुखरुख राहिली. पुढे सवडीने जे वाचले, त्यातील थोडे वाचकांपुढे ठेवतो.

मूळ नाव हिब्रू भाषेतील ‘योहानान’. ‘परमेश्वराने कृपा केली’ असा त्याचा अर्थ. ग्रीकांनी त्याचे ‘इओआनेस’ केले, लॅटिनने ‘योहानेस’. तेथून पोर्तुगीज भाषेत ‘जुआंव’ आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्यात येऊन ‘जुवांव’ झाले. तेच नाव इंग्लंडात ‘जॉन’ झाले, कुराणात ‘याह्या’ झाले आणि मराठी बायबलात ‘योहान’ म्हणून आले. यातले शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते? वाटेत भेटलेल्या प्रत्येक भाषेने त्याला आपापला अंगरखा चढविला, इतकेच.

काही वेळा अंगरखा बदलताना अर्थही गळून पडतो. येशूने आपल्या शिमोन नावाच्या शिष्याला ‘केफा’ असे नाव दिले. अरामी भाषेत केफा म्हणजे खडक. ग्रीकमध्ये त्याचे ‘पेत्रोस’ झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानात, १६ व्या अध्यायात, याच शब्दावर श्लेष आहे: या खडकावर मी माझी मंडळी उभारीन. पोर्तुगीज भाषेत दगडाला ‘पेद्रा’ म्हणतात, म्हणून ‘पेद्रू’ नावात तो श्लेष अजून शाबूत आहे. इंग्रजी ‘पीटर’ आणि मराठी ‘पेत्र’ यांत मात्र तो उरला नाही.

आणि ही ‘मंडळी’ म्हणजे काय? ग्रीक नगरांत नागरिकांच्या सभेला ‘एक्लेसिया’ म्हणत. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तोच शब्द आपल्या समुदायासाठी घेतला. त्याचे पोर्तुगिजांकडे ‘इग्रेजा’ झाले आणि कोकणीत ‘इगर्ज’. म्हणजे माणसांच्या सभेचा शब्द दगडविटांच्या इमारतीला चिकटला. इंग्रजी ‘चर्च’ निराळ्या मुळाचा, ग्रीक ‘कुरिआकोन’, म्हणजे ‘प्रभूचे’, यापासून आलेला. मराठी भाषांतरकारांनी मात्र ‘मंडळी’ हा घरगुती शब्द योजून मूळचा माणसांचा अर्थ परत आणला. आपले वक्ते ‘मंडळी हो’ म्हणून भाषणास उभे राहतात, तेव्हा त्यांच्या तोंडी नकळत ‘एक्लेसिया’चाच प्रतिशब्द असतो. तसाच आपल्या दिनदर्शिकेतला ‘नाताळ’. तो पोर्तुगीज ‘नाताल’, मुळात लॅटिन, आणि त्याचा अर्थ जन्माचा दिवस.

या सर्व वाटा ज्यात एकत्र आलेल्या दिसतात, तो ग्रंथ म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. पोर्तुगिजांनी त्यांचेही नाव तसेच ठेवले नाही. ते ‘तोमास इस्तेवांव’ झाले. या माणसाने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि १६१६ साली राशोल येथे त्या रोमन लिपीत छापून निघाल्या. पुराण हा आपला ग्रंथप्रकार, ओवी हा आपला छंद. आणि कथा बेथलेहेमची. परक्या मुलखातून आलेल्या एका माणसाने आमच्या भाषेचा असा मान राखला. पुढे १६८४ साली त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मान दप्तरात राहिले. भाषा घरात राहिली आणि जुवांवसारखी नावे तिने स्वतःच्या उच्चारात जपली.

आपल्या बेळगावचेही या इतिहासात स्थान आहे. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारे बाबा पदमनजी १८३१ साली येथेच जन्मले. आणि केडगावी बसून हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणणाऱ्या पंडिता रमाबाईंची दृष्टीही हीच होती, की खेड्यातल्या बाईला ते तिच्या बोलीत कळावे. १९२२ साली त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये छापून आला.

शेवटी एक कबुली. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदोपत्री ‘बेळगाव’चे ‘बेळगावी’ झाले, तेव्हा मी फार हळहळलो होतो. आपल्या गावाचे नाव दुसऱ्याने ठरवावे, ही वेदना आम्हां सीमाभागातील माणसांना कोणी शिकवायला नको. पण त्यानंतर आठ महिनेही उलटले नव्हते, आणि मीच हातातल्या लेखणीने एका मुलाच्या पणजोबांचे नाव खोडले होते. ते जुने रजिस्टर आजही शाळेच्या कपाटात आहे. त्यातली लाल शाईची ती ओळ मी नव्या शिक्षकांना मुद्दाम दाखवितो आणि सांगतो, की नाव लिहिण्याआधी ते घरी कसे हाक मारतात, हे विचारीत जा.