खिसा गरम

मराठीत 'खिसा गरम असणे' म्हणजे जवळ पैसे असणे. बँकेत बावीस वर्षं काढल्यामुळे असे गरम खिसे मी हजारोंनी पाहिले आहेत. अर्थात काउंटरच्या पलीकडचे. अलीकडचा, म्हणजे माझा खिसा पगाराच्या दिवशी जरा कोमट होतो आणि दहा तारखेच्या आत पुन्हा पहिल्या तपमानावर येतो. त्यामुळे गेल्या वर्षी न्यू जर्सीला ताईकडे गेलो (तिकीट तिचं, बॅगेतली गोडा मसाल्याची पाकिटं माझी) आणि तिच्या फ्रीजरमध्ये 'हॉट पॉकेट्स' असं लिहिलेला खोका पाहिला, तेव्हा मला गंमतच वाटली. गरम खिसे, आणि तेही बर्फात! आमच्याकडे मुदत ठेवीत अडकलेल्या पैशांची हीच अवस्था असते.

"हे काय गं?" मी विचारलं.

"सँडविच आहे. दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं आणि खायचं. तू नको खाऊस. तुझ्यासाठी पोळी-भाजी करून ठेवलीय," असं म्हणून ताई कामावर गेली.

लहानपणापासून ताई 'नको खाऊस' म्हणाली की मी ते खात आलो आहे. त्या खोक्याशेजारी दुसऱ्या कोणाचं तरी, त्याच घराण्यातलं पण स्वस्तातलं एक पाकीट होतं. नाव सांगत नाही. खातेदाराचं नाव बाहेर फोडायचं नाही ही नोकरीतली शिस्त आता रक्तात भिनली आहे. ते मी तापवलं आणि पहिला घास घेतला. आतल्या चीजनं जीभ अशी भाजली की डोळ्यांसमोर कात्रजचे सगळे सर्प उभे राहिले. पाणी पिऊन, धीर करून मधला घास घेतला, तर आत बर्फ! एकाच वस्तूत ज्वालामुखी आणि हिमालय एकत्र नांदताना मी प्रथमच पाहत होतो. ताळेबंद जुळला नाही की मला झोप येत नाही. हा प्रकार कसा, कोणी आणि कशासाठी केला, याचा छडा लावायचं मी ठरवलं. जिभेला दुसरं काही करता येत नव्हतं, तेव्हा डोळ्यांना काम दिलं.

सँडविचचा मूळ पुरुष तुम्हांला ठाऊक असेल. इंग्लंडमधला सँडविचचा चौथा अर्ल, जॉन माँटेग्यू. जुगाराच्या टेबलावरून उठायला नको म्हणून त्यानं पावाच्या दोन तुकड्यांत मांस घालून मागवलं, ही कथा शाळेपासून आपण ऐकतो. १७६२ साली एडवर्ड गिबन या इतिहासकारानं आपल्या रोजनिशीत सँडविच हा शब्द लिहून ठेवला आहे, म्हणजे तोवर लंडनची बडी मंडळी ते खाऊ लागली होती. मात्र अर्लच्या चरित्रकाराचं, एन. ए. एम. रॉजर यांचं म्हणणं असं, की हा माणूस आरमाराच्या कारभारात बुडालेला होता, आणि ते टेबल जुगाराचं नसून कामाचं असण्याचाच संभव अधिक. हे वाचून मला अर्लविषयी एकदम बंधुभाव वाटू लागला. मार्चअखेरीला मीही उजव्या हातानं कीबोर्ड बडवीत डाव्या हातानं पोळीची सुरळी खातो. फरक इतकाच, की त्याच्या सँडविचला त्याचं नाव मिळालं आणि माझ्या सुरळीला सौ. 'आजही डबा अर्धाच' एवढंच म्हणते.

तेव्हा मुद्दा असा, की सँडविच हे ज्याला टेबल सोडता येत नाही त्याचं जेवण. एवढं लक्षात ठेवा.

आता बर्फाकडे वळू. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन गृहस्थ १९१२ साली लॅब्राडॉरच्या थंडीत गेला आणि पुढची काही वर्षं केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी तिथं राहिला. तिथले इन्युइट लोक मासे धरत ते बाहेर काढताच जागच्या जागी गोठत, आणि पुढे महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. याचं कारण त्याच्या ध्यानात आलं. सावकाश गोठवलं की पाण्याचे मोठमोठे स्फटिक होऊन पदार्थाच्या पेशी फाडतात. झटक्यात गोठवलं की स्फटिक बारीक राहतात. ही गोष्ट इन्युइटांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती, पण त्यांच्याकडे पेटंट कचेरी नव्हती. बर्ड्सआयनं यंत्रं बनवली, कंपनी काढली, १९२९ साली २ कोटी २० लाख डॉलरना ती विकली, आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड गावातल्या दुकानांतून गोठवलेले मटार, मासे, मांस विकायला सुरुवात झाली. पुढे १९५४ च्या सुमारास स्वॅन्सन कंपनीनं अख्खं ताटच गोठवून विकायला काढलं. ते मात्र भट्टीत अर्धा तास ठेवावं लागे. तेवढ्या वेळात आमच्याकडे पिठलं-भात होतो.

राहिली आग. आणि खरी मजा इथं आहे, कारण जगातला पहिला गरम खिसा हा सँडविच नव्हताच. तो खरोखरीचा खिसा होता. रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा तंत्रज्ञ रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळ्यांवर काम करीत असे. शाळा लहानपणीच सुटलेली, बाराव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेला माणूस. १९४५ साली चालू नळीजवळ उभा असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली, असं सांगतात. माझ्या खिशात वडी वितळली असती तर मी 'आता सौ.ला काय सांगायचं' या चिंतेत पडलो असतो. स्पेन्सरनं मक्याचे दाणे मागवले. ते फुटून लाह्या झाल्या. मग अंडं ठेवलं, तेही फुटलं, आणि वाकून पाहणाऱ्या सहकाऱ्याचं तोंड माखलं. विज्ञानात वाकून पाहणारा एक सहकारी लागतोच. आमच्या शाखेत तर चार आहेत.

यातून १९४७ साली 'रडारेंज' नावाची भट्टी बाजारात आली. उंची पुरुषभर, वजन सुमारे ३४० किलो, आणि थंड ठेवायला पाण्याचे नळ वेगळे. आमच्या स्ट्राँगरूमचं दार आठवा म्हणजे कल्पना येईल. ओट्यावर मावणारी भट्टी यायला १९६७ साल उजाडलं. ती अमाना कंपनीची, किंमत ४९५ डॉलर. आणि या शोधाबद्दल स्पेन्सरला कंपनीकडून काय मिळालं? रिवाजाप्रमाणे दोन डॉलर, असं सांगितलं जातं. शोध याच्या खिशात लागला आणि खिसा गरम झाला दुसऱ्यांचा. नोकरदार वाचकांना याहून अधिक समजावून सांगायची गरज नाही.

पाव होता, बर्फ होता, आग होती. तिघांची सोयरीक जुळवली दोन भावांनी. पॉल आणि डेव्हिड मेराज हे इराणमधून अमेरिकेत आलेले. इराणी आणि पाव यांचं नातं मुंबईकराला सांगायला नको. हे इराणी निराळे, यांनी चहाचं हॉटेल काढलं नाही. त्यांनी 'शेफ अमेरिका' नावाची कंपनी काढली. १९८० साली त्यांचं 'टेस्टीविच' नावाचं गोठवलेलं सँडविच आलं, आणि त्यात सुधारणा करून १९८३ साली 'हॉट पॉकेट्स'. मुहूर्त अचूक होता. अमेरिकेत घरोघरच्या बायका नोकरीसाठी बाहेर पडत होत्या, शाळेतून आलेली पोरं रिकाम्या घराचं कुलूप स्वतः उघडत होती, आणि १९८६ च्या सुमाराला साधारण चार घरांपैकी एकात मायक्रोवेव्ह आला होता. पुढच्या दहा वर्षांत तो बहुतेक घरांत पोहोचला.

पण अडचण पिठाची होती. मायक्रोवेव्ह पदार्थातलं पाणी हलवून तापवतो. पाणी आहे तोवर तपमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. तेवढ्यात मैदा खमंग होत नाही. तो एकतर चिकट होतो, नाहीतर चिवट. करंजी वाफवली तर काय होईल ते गृहिणींना विचारा. मेराज बंधूंनी त्यासाठी खास पीठ शोधून त्याचं पेटंट घेतलं. शिवाय प्रत्येक सँडविचला एक कागदी झबलं दिलं. त्या कागदाच्या आतून अॅल्युमिनियमचा इतका पातळ थर असतो, की तो मायक्रोवेव्हच्या लहरी पिऊन स्वतःच तव्यासारखा तापतो, दोनशे अंशांच्या आसपास. म्हणजे हा कागदाचा तवा. एकदा वापरायचा आणि फेकून द्यायचा. आमच्या आजीचा बिडाचा तवा तीन पिढ्या पुरला, हे त्या झबल्याला कोणीतरी सांगायला हवं.

आणि तो ज्वालामुखी-हिमालयाचा घोटाळा? तो मला कळला तेव्हा मी खुर्चीतून उठून बसलो, कारण ते निव्वळ बँकिंग होतं. बर्फाला या लहरी फारशा शोषता येत नाहीत. त्यातले पाण्याचे कण जखडलेले असतात. पाणी मात्र त्या झपाझप शोषतं. त्यामुळे जो भाग आधी वितळला तोच पुढची सगळी उष्णता ओढतो, तापतो, आणखी ओढतो. आणि जो गोठलेला आहे तो तसाच कुडकुडत बसतो. ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्यामागे कर्ज घेऊन धावायचं आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे तारण मागायचं, हेच तर आम्ही करतो! म्हणूनच पाकिटावर लिहिलेलं असतं, की बाहेर काढल्यावर एकदोन मिनिटं थांबा. तेवढ्यात कडेची ऊब हळूहळू मध्यापर्यंत जाते. मी थांबलो नव्हतो. बावीस वर्षं लोकांना 'जरा थांबा' म्हणणाऱ्या माणसाला स्वतःला दोन मिनिटं थांबता येऊ नये!

अमेरिकेनं या सँडविचची यथेच्छ टिंगल केली. जिम गॅफिगन नावाच्या विनोदकारानं तर २००६ सालच्या आपल्या कार्यक्रमात त्याला असं सोललं, की लोक त्याला त्यावरूनच ओळखू लागले. पण हसणारी माणसं ते खातही होती. २००२ साली नेस्ले कंपनीनं मेराज बंधूंची कंपनी घेतली ती २६० कोटी डॉलरना. मी शून्यं मोजली, मग पुन्हा मोजली, सवयीनं तिसऱ्यांदाही मोजली. २००५ साली पॉल मेराज यांनी ३ कोटी डॉलर दिल्यावर कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठानं आपल्या व्यवस्थापन-शाळेला त्यांचं नाव दिलं. आम्ही बी.कॉम.ला पाच-पाच रुपयांच्या गाईडांतून व्यवस्थापन शिकलो, ते आतून गार राहिलं यात नवल नाही.

संध्याकाळी ताई आली. मी तिला हा सगळा इतिहास ऐकवला आणि शेवटी, भाजलेल्या जिभेनं जमेल तेवढ्या तुच्छतेनं म्हणालो, "असलं कोण खात असेल गं?"

ताई कोट काढत होती. म्हणाली, "मी. तीन वर्षं."

भावोजींची नोकरी गेली होती त्या दिवसांत ती दोन ठिकाणी काम करत होती, हे मला माहीत होतं. दोन कामांच्या मध्ये पंचवीस मिनिटं मिळत, आणि त्यात ती उभ्या उभ्या हेच खात असे, चीज आणि ब्रोकोलीचं, हे माहीत नव्हतं. त्याच पंचवीस मिनिटांत ती आईला फोन करी. आईचा प्रश्न ठरलेला, "गरम जेवलीस ना?" आणि ताईचं उत्तर ठरलेलं, "हो गं, गरम गरम." आई फोन ठेवून आम्हांला सांगायची, "जेवणाचे हाल नाहीत हो तिचे." आम्हीही सुखानं पान वाढून घ्यायचो.

"आईशी खोटं बोललीस," मी म्हणालो.

"खोटं कुठं? गरमच होतं," ताई म्हणाली, आणि माझ्यासाठी केलेली पोळी-भाजी मी खाल्ली नाही म्हणून मला रागावली.

परत आल्यावर मी आईला हे सांगायला नको होतं, पण सांगून गेलो. माझ्या पोटात खात्यांचे आकडे राहतात, बाकी काही राहत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. अर्ल, बर्ड्सआय, स्पेन्सर यांच्यात तिला काडीचा रस नव्हता. तिनं एवढंच विचारलं, "पण मध्ये गार राहतं म्हणालास ना?"

"थांबलं नाही तर राहतं."

"आणि तिला थांबायला वेळ कुठला होता," आई म्हणाली, आणि उठून आत गेली.

डिसेंबरात ताई आली होती. परत जायच्या आदल्या दिवशी आईनं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ओट्याशी उभं राहून सांज्याच्या तीस पोळ्या केल्या, फडक्यावर निववल्या आणि कागद घालून एकावर एक रचल्या. ताई म्हणाली, "अगं, मी तिथं आता रीतसर जेवते. आता काही तसं नाही." आईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग मला स्वयंपाकघरात बोलावून, ताईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं,

"काय रे, ह्या त्या पेटीत किती मिनिटं ठेवायच्या? आणि नंतर किती थांबायचं, तेही लिही. मोठ्या अक्षरात लिही."

मी लिहिलं. खाली सवयीनं सही केली आणि तारीख घातली.