खुराडे

खुराडे म्हणजे कोंबड्यांना रात्रीचा निवारा मिळावा, अंडी घालण्यास आडोसा असावा आणि भक्षक प्राण्यांपासून त्यांचे रक्षण व्हावे यासाठी घराच्या परसात, पडवीलगत किंवा अंगणाच्या कडेस बांधलेली लहान बंदिस्त जागा होय. काही भागांत त्यास 'खुराडा' असे पुल्लिंगी रूपही रूढ आहे. व्यापारी कुक्कुटपालनातील मोठ्या शेडपेक्षा खुराड्याचे स्वरूप निराळे असते. त्यात साधारणतः पाचपासून वीस-पंचवीसपर्यंत पक्षी राहतात. ते दिवसभर परसात, उकिरड्यावर व शेताच्या बांधावर चरतात आणि अंधार पडण्यापूर्वी आपण होऊन परत येतात. तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंतचा काळ खुराड्यात जात असल्याने कोंबडीचे जवळजवळ निम्मे आयुष्य तेथेच सरते.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ८५ कोटी कुक्कुट पक्षी होते व त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी परसातील होते. परसातील पक्ष्यांच्या संख्येत २०१२ च्या तुलनेने जवळपास ४६ टक्के वाढ नोंदवली गेली. अंडी व कोंबड्या विकून येणारा पैसा ग्रामीण कुटुंबात बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो. अशा घरी उदमांजराने एका रात्रीत सात-आठ तलंगा मारल्या, तर त्या वर्षीची तिची बहुतेक सगळी मिळकत बुडते. म्हणून खुराड्याच्या बांधणीत दोन गोष्टी निर्णायक ठरतात : कोंबडीच्या पायाखाली काय पसरले आहे आणि रात्री आत काय शिरू शकते.

पारंपरिक प्रकार

महाराष्ट्रातील सर्वांत साधा निवारा म्हणजे डालगे. बांबूच्या कामट्यांचे हे मोठे टोपले कोंबडीवर पालथे घालतात व वर दगड ठेवतात. 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' या म्हणीतील 'झाकणे' हे याच डालग्याने झाकणे आहे. खुराड्याचे दार लावण्याशी त्याचा संबंध नाही. पिल्लांची आई व पिल्ले यांना दिवसा कावळा व घार यांपासून वाचवण्यास डालगे उत्तम, परंतु कुत्र्याच्या एका धक्क्याने ते कलंडते. त्यामुळे रात्री ते घरातच ठेवावे लागते.

कोकणात जांभ्या दगडाची किंवा मातीची बुटकी खुराडी पडवीला चिकटून बांधत असत. अनेक ठिकाणी लाकडी खांबांवर दोन-तीन फूट उंच उचललेले खुराडे दिसते. उंचावलेल्या खुराड्याखालून वारा खेळतो, पावसाचे पाणी आत येत नाही आणि घुशींना पोखरण्यास जमीन मिळत नाही. घरच्या भिंतीत ठेवलेल्या देवळीवजा खुराड्यास एकच तोंड असल्याने राखण सोपी जाते, पण हवा कोंडते व विष्ठेच्या उग्र वासाने कोंबड्यांचे डोळे आणि श्वसनमार्ग बिघडतात.

बांधणी

खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-दुपारचे ऊन थेट आत घुसत नाही. गादीवर ठेवलेल्या प्रौढ कोंबडीस दोन ते अडीच चौरस फूट जागा धरतात. जमीन सभोवतालापेक्षा एक फूट तरी उंच असावी आणि छपराची वळचण अडीच-तीन फूट पुढे काढलेली असावी. बसण्याच्या दांडीवर प्रत्येक पक्ष्यास २० ते २५ सेंटिमीटर लांबी लागते. अंड्यांची खोकी दांडीपेक्षा खालच्या पातळीवर असावीत. कोंबडीची ओढ उंच जागी झोपण्याकडे असते. खोके उंचावर असेल तर ती त्यातच मुक्काम करते आणि सकाळी अंडी विष्ठेने माखलेली मिळतात. पाच कोंबड्यांमागे एक खोके पुरते.

गादी

जमिनीवर पसरलेल्या शोषक थरास कुक्कुटपालनाच्या व्यवहारात 'गादी' किंवा 'लिटर' म्हणतात. एक प्रौढ कोंबडी दिवसास शंभर ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते आणि तिच्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणीच असते. विष्ठेतील युरिक आम्लाचे ओलाव्यात जिवाणूंकडून विघटन होऊन अमोनिया वायू सुटतो. गादीचे काम हा ओलावा शोषून घेणे व तो हवेत हळूहळू सोडणे हे होय. त्याखेरीज ती थंडीत ऊब देते, दांडीवरून उडी टाकणाऱ्या पक्ष्याचे तळपाय वाचवते आणि कोंबडीच्या उकरण्याच्या मूळ प्रवृत्तीस वाव देते.

गादीसाठी कोणते द्रव्य वापरावे हे प्रामुख्याने त्या प्रदेशात काय पिकते यावर ठरते. कोकणात व पूर्व विदर्भात भाताचे तूस गिरणीवर सहज मिळते. ते हलके असते, लवकर कुजत नाही व गोळा होत नाही; पाणी मात्र बेताचेच शोषते. लाकडाचा भुसा चांगला शोषतो, परंतु रंधा मारून निघालेल्या पातळ सालपटांनाच प्राधान्य द्यावे. करवतीचा बारीक भुसा पिल्ले दाणा समजून खातात व त्यांचे पोट तटते. शिवाय त्याची धूळ उडते. रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा भुसा टाळलेला बरा. भुईमुगाची टरफले, गव्हाचा भुसा, सोयाबीन व तूर यांचे कुटार हीही चालतात. उसाचे चिपाड भरपूर शोषते, पण त्यातील शिल्लक साखरेमुळे त्यास बुरशी लवकर येते. भाताचा पेंढा अखंड पसरल्यास त्याचे थर चिकटून खाली ओल कोंडते, म्हणून तो दोन-तीन इंच लांबीचा कापून घ्यावा लागतो. द्रव्य कोणतेही असो, त्यास कुबट वास येत असेल तर ते खुराड्यात नेऊ नये. बुरशीचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन पिल्लांना एस्परजिलोसिस हा रोग होतो व त्यावर खात्रीचा उपचार नाही.

कोरड्या जमिनीवर प्रथम दोन-तीन इंचांचा थर देऊन त्यावर वेळोवेळी नवे द्रव्य घालत तो सहा इंच किंवा त्याहून अधिक वाढवतात व सहा महिने ते वर्षभर काढत नाहीत. यास सखोल गादी पद्धत म्हणतात. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात १९४० च्या दशकात या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास झाला. जुन्या, चालू गादीवरील पक्ष्यांना तिच्यातील जिवाणूंनी तयार केलेले बी-१२ जीवनसत्त्व मिळते, हे त्या काळच्या संशोधनाचे महत्त्वाचे फलित होते. तथापि 'गादी जितकी जुनी तितकी चांगली' असा सरसकट अर्थ त्यातून काढणे चुकीचे आहे. न ढवळलेली, ओली व घट्ट झालेली जुनी गादी हे रोगाचे आगर असते.

ओलाव्याची परीक्षा उपकरणाविना होते. गादी मुठीत घट्ट दाबून मूठ उघडावी. लाडवासारखा गोळा तसाच राहिला तर ती फार ओली आहे. गोळा किंचित धरून लगेच सुटला तर योग्य. मुळीच धरला नाही आणि हाताला धूळ लागली तर फार कोरडी. योग्य गादीत ओलावा २० ते २५ टक्के असतो. तो ३० टक्क्यांच्या वर गेला की अमोनियाचा त्रास सुरू होतो. अमोनियाचे प्रमाण दशलक्ष भागांत २५ भागांहून अधिक असू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. हा वासही उभ्याने घेऊन चालत नाही. वाकून, कोंबडीच्या डोक्याच्या पातळीवर आल्यावर डोळे चुरचुरले, तर पक्षी रात्रभर तेच सोसत आहेत असे समजावे.

आठवड्यातून एक-दोनदा गादी खालवर करणे, पाण्याच्या भांड्याभोवतीची व दांडीखालची ढेकळे काढून टाकणे आणि तेथे नवे द्रव्य घालणे हा नित्यक्रम असावा. चुन्याविषयी बराच गैरसमज आढळतो. विरलेला चुना अल्प प्रमाणात मिसळल्यास गादी कोरडी राहण्यास मदत होते. पण आधीच भिजून सडलेल्या गादीवर चुना टाकला तर अल्कतेमुळे अडकलेला अमोनिया एकदम बाहेर पडतो आणि त्रास वाढतो. अशी गादी काढून टाकणे हाच उपाय. न विरलेली चुनकळी तर कधीच वापरू नये, तिने तळपाय भाजतात.

पावसाळा हा गादीच्या कसोटीचा काळ. ओल आणि ऊब एकत्र आली की रक्ती हगवणीच्या परजीवींची बीजके एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात व कोवळी पिल्ले प्रथम बळी पडतात. रक्ती हगवणीसाठी दरवर्षी औषधे आणणाऱ्या घरात मूळ दोष बहुधा गळणाऱ्या छपरात किंवा कलंडणाऱ्या पाणभांड्यात असतो. जून महिन्यापूर्वी जुनी गादी काढून जमीन वाळवावी व कोरड्या द्रव्याची दोन-तीन पोती घरात साठवावीत. पाऊस सुरू झाल्यावर ते कोरडे मिळत नाही.

भक्षक

महाराष्ट्रात कोंबड्यांवर टपणाऱ्या प्राण्यांची यादी मोठी आहे. दिवसा घार, शिक्रा, कावळा, भारद्वाज व मुंगूस. रात्री उदमांजर, जवादी मांजर, रानमांजर, कोल्हा, घूस व साप. आणि दोन्ही वेळा मोकाट कुत्री. घोरपड अंडी व पिल्ले खाते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांसारख्या ऊसपट्ट्यांत बिबट्याही कोंबड्यांच्या मागावर वस्तीपर्यंत येतो. तेथे पक्क्या खुराड्याचा प्रश्न घरातील माणसांच्या सुरक्षिततेशीही जोडलेला आहे.

नुकसान झाल्यावर घाईने साफसफाई न करता प्रथम खुणा पाहाव्यात. मेलेले पक्षी अनेक, सगळीकडे पिसे, पण खाल्लेले फारसे काहीच नाही, असे दिसल्यास बहुधा कुत्री असतात. मान चावून मारलेले पक्षी, त्यांतील एखाद्याचे डोके वा छाती खाल्लेली आणि शिरण्याची वाट छपराजवळची, तर उदमांजराचा संशय घ्यावा. एखादा पक्षी गायब व कुंपणापर्यंत पिसांची ओळ असेल तर कोल्हा किंवा रानमांजर. पिल्ले एकेक करून नाहीशी होत असतील आणि कोपऱ्यात ताजी उकरलेली माती असेल तर घूस. अंडी वा पिल्ले टरफल-पीस काहीही न ठेवता गेली, तर साप. एकाच रात्री बरेच पक्षी मारले जाणे हे प्राण्याच्या क्रौर्याचे लक्षण नव्हे. बंद जागेत भक्ष्य पळू शकत नाही, फडफडत राहते, आणि त्या हालचालीने भक्षकाची मारण्याची प्रेरणा पुन्हा पुन्हा चाळवते.

सापांपैकी धामण व नाग खुराड्यात अधिक आढळतात. त्यांना तेथे आणण्यात कोंबड्यांइतकाच सांडलेल्या दाण्यावर जमणाऱ्या उंदरांचा वाटा असतो, म्हणून दाणा रात्री झाकून ठेवणे हा सापांवरचाही उपाय ठरतो. विदर्भात २००३ साली वर्धा येथे पुन्हा आढळलेला भारतीय अंडीखाऊ साप मात्र या आरोपातून पूर्णतः मुक्त आहे. तो लहान पक्ष्यांची अंडी खातो. कोंबडीचे अंडे त्याच्या तोंडात मावत नाही.

संरक्षणाचे उपाय

बाजारात 'कोंबडी जाळी' या नावाने मिळणारी षटकोनी तारेची जाळी हे सर्वांत फसवे साहित्य आहे. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. तिची पातळ तार कुत्रे दाताने तोडते आणि तिच्या डोळ्यांतून उंदीर व लहान साप सहज जातात. खुराड्याच्या सर्व झरोक्यांना अर्ध्या इंचाची जोडतारेची जाळी, म्हणजे वेल्डमेश, लावावी आणि ती लाकडी पट्टीखाली दाबून स्क्रूने बसवावी. नुसत्या खिळ्यांवर अडकवलेली जाळी ओढली की निघते. खर्च वाचवायचा असल्यास खालच्या तीन फुटांत व वळचणीखाली तरी ही जाळी असावी. नायलॉनचे जाळे केवळ मोकळ्या अंगणावर घारीसाठी ताणावे; जमिनीलगत ते लावल्यास त्यात साप अडकून मरतात आणि अडकलेला विषारी साप माणसाला धोकादायक असतो.

उकरून येणाऱ्या प्राण्यांसाठी जाळी एक फूट खोल पुरतात किंवा भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या अंगाला दीड-दोन फूट आडवी अंथरून वर माती-दगड घालतात. दुसरी रीत कमी कष्टाची आणि माझ्या मते अधिक परिणामकारक आहे, कारण प्राणी भिंतीलगतच उकरू लागतो आणि तेथे त्यास जाळी लागते; मागे सरून उकरावे हे त्यास सहसा सुचत नाही. खांबांवरील खुराड्यास प्रत्येक खांबाभोवती गुळगुळीत पत्र्याचे उलटे नरसाळे बसवल्यास उंदीर व मुंगूस वर चढत नाहीत. जवळच्या झाडाची फांदी छपरावर टेकली असेल तर मात्र उदमांजरापुढे या साऱ्याचा उपयोग शून्य.

दाराची कडी हा नेहमी दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. कुत्रे नाकाने उचलू शकेल अशी सैल कडी पुरेशी नाही. कडीत खिळा किंवा आकडा अडकवावा. कोंबड्यांना अंधारात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे रात्री त्या पळत नाहीत. दिवेलागणीस मोजून दार लावण्याची जुनी शिस्त म्हणूनच कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाची. झाडावर बसण्याची सवय लागलेल्या तलंगांना सलग आठ-दहा दिवस खुराड्यात कोंडून दाणा दिल्यास त्या तेथेच येऊ लागतात.

परसासाठी विकसित केलेल्या वनराजासारख्या सुधारित जातींना रंगीत पिसारा असतो. पांढऱ्या पक्ष्यापेक्षा तो झाडोऱ्यात कमी उठून दिसतो. गावठी कोंबडी त्याहून चपळ व सावध असते. घारीची सावली पडताच तिचा इशारा ऐकून पिल्ले पंखाखाली जातात. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना असा इशारा देणारी आई नसल्याने त्यांना दीड-दोन महिने जाळीखालीच वाढवणे हिताचे.

कायदेशीर बाजू

भक्षकांना विष घालणे किंवा फासे लावणे हा मार्ग अनेक ठिकाणी अवलंबला जातो. तो बेकायदा आहे. बिबट्या व घोरपड हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून मुंगूस, उदमांजर, रानमांजर यांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. शिवाय विष घातलेले मांस गावातील कुत्री, घारी व क्वचित मुलेही उचलतात. खुराड्यात साप किंवा बिबट्या कोंडला गेल्यास दार बाहेरून बंद ठेवून वन विभागास कळवावे.

स्वच्छता व रोग

महाराष्ट्रात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर (नंदुरबार) येथे झाली. भारतातील तो पहिलाच उद्रेक होता. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथेही हा रोग आढळला. विषाणू विष्ठेतून पसरत असल्याने गादी हे त्याच्या प्रसाराचे साधन ठरते. रानपक्षी आत येऊ न देणारी जाळी भक्षकांप्रमाणे या रोगापासूनही काही अंशी बचाव करते. कोंबड्या अचानक मोठ्या संख्येने मेल्यास गादी उकिरड्यावर न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवणे आवश्यक असते.

एरवी निघालेली गादी हे उत्तम खत होय. त्यात सुमारे तीन टक्के नत्र असते, पण ताजी घातल्यास पिकाची मुळे जळतात. काही महिने कुजवूनच ती शेतात द्यावी.

लाकडी खुराड्याच्या फटींत कोंबडीच्या गोचिडी दिवसा लपतात व रात्री रक्त शोषतात. पाळणाऱ्यास त्या दिसत नाहीत; दिसतात ते फिकट तुरे आणि घटलेली अंडी. फटी बुजवणे, चुन्याची सफेदी करणे आणि दांड्या काढून उन्हात टाकणे हे जुने उपाय आजही उपयोगी आहेत. अंगणात राख व कोरडी माती यांचा खड्डा ठेवल्यास कोंबड्या त्यात लोळून उवा-पिसवा स्वतःच कमी करतात. गोचीड मात्र रक्ताशिवाय वर्षाहून अधिक काळ जिवंत राहू शकते, त्यामुळे दीर्घकाळ रिकामे असलेले जुने खुराडे निर्धोक मानून त्यात नवे पक्षी थेट सोडू नयेत.