आदामाचे कूळ : दोन साष्टी आणि एक उत्पत्तिकथा

मराठी मुलखात ‘साष्टी’ या नावाचे दोन प्रदेश आहेत. एक गोव्यात, जुवारी नदीच्या दक्षिणेस. दुसरा उत्तर कोकणात, वसईच्या खाडीपासून दक्षिणेकडे मुंबईपर्यंत पसरलेला. या दुसऱ्या साष्टीच्या उत्तर टोकाला भाईंदर आणि त्याच्या पूर्व अंगाला आगरी-कोळ्यांच्या मुलखातले गोडदेव हे गाव येते. उत्तरेकडील साष्टी १५३४ च्या वसई तहाने आणि गोव्याची साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली. पहिली १७३७–३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी परत घेतली, दुसरी १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. मनुष्य मातीपासून घडला आणि सर्व मनुष्ये एकाच जोडप्याची लेकरे आहेत, ही बायबलमधील कथा मराठी बोलणाऱ्यांच्या कानी मोठ्या प्रमाणावर पडली ती याच राजवटीत. ‘माणूस कोठून आला?’ या प्रश्नाचे एक परके उत्तर मराठीत आले, तेव्हा त्या उत्तराचे काय झाले, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न आहे.

ही कथा कोऱ्या भूमीवर आली नव्हती. उत्तर साष्टीला स्वतःचे उत्पत्तिवाङ्मय होते. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेल्या ‘महिकावतीच्या बखरी’चा एक जुना भाग शके १३७० (इ. स. १४४८) मध्ये मालाडच्या नायकोरावाच्या प्रेरणेने केशवाचार्याने रचला. बिंब राजाबरोबर कोणती कुळे आली, त्यांची गोत्रे कोणती, कोणास कोणते वतन मिळाले, याची ही जंत्री आहे. गोडदेवसारखी गावे ज्या मुलखात येतात त्या मुलखाचा हा वंशेतिहास. त्यात ‘मनुष्य कोठून आला’ असा प्रश्नच संभवत नाही. प्रश्न आहे तो ‘तू कोणाचा?’ असा. उत्पत्ती म्हणजे कुळाची उत्पत्ती, आणि तिचा पुरावा म्हणजे वतन.

गोव्याच्या साष्टीतील परिस्थिती वेगळी होती. तेथील देवळे १५६७ नंतर पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूडही घेतला गेला. अशा साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी चाळीस वर्षांच्या वास्तव्यात ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ मध्ये रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, ज्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळुराहून सालढाणा यांची आवृत्ती निघाली. ग्रंथारंभीच एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूंपुढे गाऱ्हाणे मांडतो : जुनी पुराणे गेली, नवी मिळाली नाहीत, तर मनास विरंगुळा कशाचा? ग्रंथनिर्मितीचे हे निमित्त स्टीफन्सने मोकळेपणाने सांगितले आहे. पुराणे कोणी नेली, हा प्रश्न मात्र तेथे तितक्याच मोकळेपणाने विचारला जात नाही.

रिकामी झालेली जागा पुराणाची होती, म्हणून उत्तरही पुराणाच्याच रूपात आले. ग्रंथाच्या सुमारे अकरा हजार ओव्यांपैकी ‘पैलें पुराण’ हे जुन्या कराराचे. देवदूतांची निर्मिती, लुसिफराचे पतन, सहा दिवसांची सृष्टी, मातीचा आदाम, बरगडीची एवा, आज्ञाभंग हा सारा क्रम मराठी श्रोत्यांना ओळखीच्या लयीत ऐकू येतो. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. ‘उत्पत्ति’ ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात स्त्री-पुरुष एकाच वेळी निर्माण होतात, तर दुसऱ्यात आधी पुरुष, मग प्राणी, मग स्त्री. हे दोन वृत्तान्त मुळात वेगळे आहेत हे आजच्या बायबलसंशोधनात सर्वमान्य आहे. चर्चपरंपरेप्रमाणे स्टीफन्सने मात्र ते एकाच ओघात गुंफले. पुराणाला असा ओघ लागतोच. श्रोत्याच्या शंकेला तेथे स्थान असते, पण शंका विचारायची ती गुरूने उत्तर देण्यासाठी.

याहून सूक्ष्म अडचण शब्दांची आहे. हिब्रूत ‘आदाम’ हे आरंभी विशेषनाम नाही. ‘अदामा’ म्हणजे जमीन, आणि तिच्यातून घडलेला तो आदाम. कथेचे सारे मर्म या नादसाम्यात आहे. मराठीत ते हरवते. स्त्री-पुरुषांच्या हिब्रू नावांमधील श्लेष मराठीत ‘नर’ आणि ‘नारी’ या जोडीने सहज साधता येतो, हा भाषेने दिलेला अनपेक्षित लाभ. पण माती आणि माणूस यांचे नाते सांगणारी जोडी मराठीजवळ नाही. उलट ‘मनुष्य’, ‘मानव’ आणि ‘माणूस’ हे तिन्ही शब्द मनूकडे जातात. देवाने मातीपासून ‘मनुष्य’ घडविला असे मराठी बायबल सांगते, त्या क्षणी वाक्याच्या पोटात दुसराच आदिपुरुष उभा असतो. ‘सृष्टी’चेही तसेच : ‘सृज्’ धातूत सोडण्याचा, आपल्यातून बाहेर टाकण्याचा अर्थ आहे, तर बायबलमधील देव सृष्टीपासून निराळा राहून ती करतो. ब्राह्मणी संस्कृताची छाया टाळून सोपे मराठी बायबल सिद्ध करण्यासाठी पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीकशी झुंज घेतली. ते संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्यांच्या या हट्टामागे केवळ भक्ती नव्हती, भाषेची नेमकी जाण होती.

सर्व मानव आदामाचे वंशज, हे विधान त्या काळी युरोपातही निर्विवाद नव्हते. नव्या जगातील लोक खरोखर माणसे आहेत हे पोपला १५३७ मध्ये जाहीर करावे लागले होते. ‘क्रिस्तपुराणा’ची तिसरी आवृत्ती निघाल्यावर वर्षभरातच, १६५५ मध्ये, इझाक ला पेरेर याने आदामापूर्वीही माणसे होती असे प्रतिपादन ॲम्स्टरडॅममधून प्रसिद्ध केले आणि दोन वर्षांत त्याला ते मागे घ्यावे लागले. काइनाला बायको कोठून मिळाली, ही भाबडी वाटणारी शंका त्याच्या युक्तिवादात होती. या पार्श्वभूमीवर साष्टीच्या ब्राह्मणाला ‘तूही आदामाचाच’ असे सांगणे ही मोठी गोष्ट होती. ती ऐकली गेली. आचरणात मात्र आली नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, शुद्र हे भेद टिकले आणि कोंफ्रारींतूनही ते पाळले गेले. वसईकडे सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती आपापल्या नावांनी राहिले. आदाम हा सर्वांचा मूळपुरुष झाला, परंतु सोयरीक ठरली ती बखरीतल्या प्रश्नावरच. पुराणाचा साचा स्वीकारताना त्या साच्याबरोबर आलेला श्रोतृसमाजही जसाच्या तसा स्वीकारला गेला, असे म्हणावे लागते.

या कथेचा खरा टीकात्मक उपयोग मिशनऱ्यांच्या हातून झाला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात पुरुषसूक्ताची परीक्षा करताना इजिप्तच्या आणि ‘उत्पत्ति’ ग्रंथातील विश्वोत्पत्तीशी त्याची तुलना केली. त्यांचा मुद्दा सत्यासत्यतेचा नव्हता. इतर समाजांच्या कथा माणूस कसा झाला एवढेच सांगतात. पुरुषसूक्त समाज कसा असावा हेही ठरवून टाकते. आदामाच्या कथेत जे नाही, त्याचा अर्थ त्यांनी वाचला. अर्थात हे ‘नाही’ सर्वत्र खरे ठरत नाही. त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायातील कनानाच्या शापाचा आधार घेऊन अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन झाले होते.

त्या अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. या पुस्तकाच्या आरंभीच्या संवादात ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून चार वर्ण जन्मले ही कथा अक्षरशः घेऊन तिची शारीरिक अशक्यता दाखविली आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांना बायबलची उत्पत्तिकथा ठाऊक होती, तरी ब्रह्मदेवाच्या जागी त्यांनी आदाम बसविला नाही. पुढे १८९१ मध्ये, निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त येतो तो ‘निर्मिक’ : त्याला वंशावळ नाही, बाग नाही, बरगडी नाही. कर्त्यासाठी त्यांनी नवा शब्द घडविला; पण त्याने घडविलेल्यांसाठी त्या पुस्तकातही शब्द येतो तो ‘मानव’.