पंखावर डोलणारा हवेचा झोत

पावसाळ्यात कामठीजवळच्या कन्हान नदीच्या पुलावरून खाली पाहिले, तर खांबाला भिडलेले पाणी दोन्ही कडांनी निसटते आणि खांबामागे मात्र भोवरे फिरत राहतात. प्रवाह पृष्ठभागाला सोडून गेल्याचे हे लक्षण. विमानाच्या पंखावर असेच घडले की उत्थापक बल घटते व रोध वाढतो. पंखालगतचा हवेचा पातळ थर, म्हणजेच सीमास्तर, घर्षणाने मंदावलेला असतो. पंखाचा कोन वाढला किंवा मागील फ्लॅप फार खाली वळवले, तर ही मंद हवा ते वळण घेऊ शकत नाही.

तिला नेमक्या जागी फुंकर घालून वेग द्यावा, ही कल्पना जुनी आहे. नाशिकजवळ ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बांधल्या गेलेल्या आणि वायुसेनेतून २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या मिग-२१ विमानाच्या उत्तरकालीन आवृत्त्यांत इंजिनातील हवा फ्लॅपवरून सोडण्याची सोय होती. मात्र अखंड झोतासाठी हवा फार लागते, आणि ती इंजिनाच्या शक्तीतूनच वजा होते.

डोलत्या झोताचे महत्त्व येथे आहे. एका लहान पोकळीत अरुंद तोंडाने दाबाची हवा सोडली असता ती जवळच्या एका भिंतीला चिकटते. यास कोआंडा परिणाम म्हणतात. त्या बाजूच्या परतीच्या वाटेने थोडी हवा मागे येऊन झोताच्या मुळाशी धक्का देते व झोत समोरच्या भिंतीकडे लोटला जातो. तेथेही तेच घडते. परिणामी बाहेर पडणारा झोत सेकंदाला शेकडो वेळा डावी-उजवीकडे डोलू शकतो. झडप नाही, मोटार नाही, हलणारा एकही भाग नाही. या यंत्रयुक्तीचा उगम अमेरिकेतील हॅरी डायमंड प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास झाला. अनेक मोटारींच्या पुढच्या काचेवर पाण्याचा पंखा उधळणारी तोटी हिचेच घरगुती भावंड होय. एकच तोटी रुंद पट्टा व्यापत असल्याने तेवढ्याच परिणामासाठी हवा कमी पुरते.

सर्वांत मोठी चाचणी मात्र पंखावर नव्हे, तर शेपटीच्या उभ्या पृष्ठावर झाली. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडल्यास विमान सरळ ठेवता यावे, एवढ्यासाठी हे पृष्ठ मोठे ठेवावे लागते. उरलेल्या साऱ्या प्रवासात ते जादा वजन आणि जादा रोधच ठरते. नासा व बोइंग यांनी २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील एम्स केंद्राच्या वातविवरात ७५७ विमानाची पूर्णाकृती शेपटी तपासली. सुकाणू पूर्ण वळवले असता बाजूचे बल २० टक्क्यांहून अधिक वाढले. २०१५ मध्ये ३१ तोट्या बसवून प्रत्यक्ष उड्डाण झाले, तेव्हा वाढीचा अंदाज १३ ते १६ टक्के निघाला. प्रयोगशाळा आणि आकाश यांतील हे अंतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नागपूरला या विषयात रस असावा, याला कारण आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हवेची घनता १५ अंशांच्या तुलनेत सुमारे एक दशांशाने कमी असते. पंखाचे बल आणि इंजिनाचा रेटा दोन्ही घटतात, धावपट्टी अधिक लागते. फ्लॅपवरील प्रवाह चिकटून राहिल्यास यातील काही तूट भरून निघू शकेल. शिवाय बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले देखभाल केंद्र मिहानमध्येच आहे. असे तंत्र उद्या विमानांत आले, तर बारीक तोट्यांत साचणारी धूळ तपासण्याचे काम अशाच केंद्रांच्या वाट्याला येईल.

पण अद्याप नियमित सेवेतील प्रवासी विमानात हे झोत आलेले नाहीत. दाबाची हवा, तिच्या नळ्या व त्यांचे वजन यांचा हिशेब वाचलेल्या इंधनाशी जुळावा लागतो. ७५७ च्या चाचणीत ही हवा शेपटीतील साहाय्यक इंजिनातून घेतली होती. मुख्य इंजिन बंद पडण्याच्या क्षणी तेही चालू असेलच, अशी हमी प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेला द्यावी लागेल.