हळद, प्रोटॉन आणि आरएनएचे विकर

सातारा-सांगलीकडच्या शाळांत आम्ल-आम्लारीचा धडा शिकवताना लिटमस संपला तरी अडत नाही. हळदीच्या कागदावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला की कागद लाल होतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळदीतील कुर्क्युमिनचा रेणू सामू ८ च्या आसपास प्रोटॉन सोडू लागतो आणि आम्लात तो परत घेतो. कोणता रेणू कोणत्या सामूला प्रोटॉन सोडतो, या साध्या प्रश्नावर विसाव्या शतकाच्या अखेरीस एक मोठा वाद झाला. त्याची ही हकिगत.

विकर म्हणजे प्रथिन, असे आम्ही विद्यार्थी असताना शिकलो. १९८२ मध्ये थॉमस चेक यांना टेट्राहायमिना या एकपेशीय जीवात स्वतःला कापून जोडणारा आरएनए सापडला. पाठोपाठ १९८३ मध्ये सिडनी ऑल्टमन यांच्या गटाने आणखी एक आरएनए विकर दाखवला. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. १९८६ पासून तर जेमतेम पन्नास-साठ घटकांचे, स्वतःला कापणारे छोटे आरएनएही सापडू लागले. पण हे कापणे होते कसे?

हेच काम करणारे एक प्रथिन परिचित होते : रायबोन्यूक्लिएज. त्यात हिस्टिडीनची दोन टोके असतात. एक आरएनएच्या शर्करेवरील हायड्रॉक्सिल गटाचा प्रोटॉन काढून घेते, दुसरे तुटणाऱ्या बंधातील ऑक्सिजनला प्रोटॉन देते. हिस्टिडीनची देवघेव सामू ६ ते ७ च्या आसपास होते. म्हणजे पेशीच्या जवळजवळ उदासीन सामूला ते दोन्ही कामांना तयार.

आरएनएकडे हिस्टिडीन नाही. आहेत फक्त चार बेस. सायटोसीन आपला प्रोटॉन ४.२ च्या आसपासच सोडून देतो, ग्वानीन तो ९ च्या पुढेपर्यंत धरून ठेवतो. सामू ७ ला दोघेही निरुपयोगी! म्हणून खरे काम मॅग्नेशियमचे आयन करतात, बेस केवळ सांगाडा उभा करतात, असे मत रूढ झाले. १९९८ मध्ये त्याला तडा गेला. काही छोटे आरएनए विकर मॅग्नेशियम नसतानाही, लिथियमसारख्या क्षारांच्या तीव्र द्रावणात, काम करताना आढळले.

निर्णायक प्रयोग झाला यकृतदाह घडवणाऱ्या डेल्टा विषाणूच्या आरएनए विकरावर. १९९८ मध्ये जेनिफर डाउडना यांच्या गटाने त्याची स्फटिकरचना उलगडली, तेव्हा कापण्याच्या जागेलगत एक सायटोसीन दिसला. १९९९ मध्ये मायकेल बीन यांच्या गटाने तो सायटोसीन बदलून तेथे युरॅसिल बसवला. विकर थंडावला. मग द्रावणात इमिडाझोल मिसळले आणि विकर पुन्हा चालू लागला. इमिडाझोल म्हणजे हिस्टिडीनच्या टोकाचे कडेच. याचा अर्थ, हिस्टिडीनचे काम येथे सायटोसीन करीत होता.

मग ४.२ चे काय? तो आकडा पाण्यात सुट्या असलेल्या रेणूचा. घडी पडलेल्या आरएनएत भोवतालचे ऋणभारित फॉस्फेट गट धनभारित सायटोसीनला सावरून धरतात. त्याचा प्रोटॉन सहजी सुटत नाही आणि आकडा ६ च्या पुढे सरकतो. बीन यांना वाटले होते की सायटोसीन प्रोटॉन घेतो. २००० मध्ये फिलिप बेव्हिलाक्वा यांच्या गटाने तो प्रोटॉन देतो असे मांडले, आणि २००५ मधील प्रयोगांनी त्याला पुष्टी दिली. मॅग्नेशियमही या विकरात आपला वाटा उचलते.

या यशाने हुरूप वाढला. २००० मध्ये रायबोसोमची रचना दिसली. जेथे प्रथिने जोडली जातात तेथे आरएनएच होता. त्यातील एक ॲडेनीनही अशीच देवघेव करतो, असे सुचवले गेले. परंतु तो बदलूनही जोडणी चालूच राहिली. रायबोसोमचे मुख्य काम रेणूंना नेमक्या जागी आणून धरणे हे आहे, असे नंतर दिसले.

दोन्ही ठिकाणी बेस मोक्याच्या जागीच होता. एकीकडे तो काढल्यावर काम थांबले, दुसरीकडे थांबले नाही. जवळ असणे म्हणजे कारण असणे नव्हे, हे या इतिहासातून शिकावे. तेव्हा ‘सर्व विकर प्रथिने असतात’ हे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी ‘बहुतेक’ हा शब्द जोडावा. आणि हळदीचा कागद लाल झाला की मुलांना विचारावे : प्रोटॉन कोणी सोडला, आणि हे आपण तपासणार कसे?