आठव्या वर्षी घराबाहेर : इंग्लंडमधील प्रिपरेटरी शाळांची कहाणी



'प्रिपरेटरी' हा शब्द आपल्याकडे बालवाडीच्या पाटीवरही दिसतो. इंग्लंडमध्ये मात्र त्याचा अर्थ फार निराळा आहे. आठ वर्षांचा मुलगा घरातून उचलायचा, दूरच्या एखाद्या वसतिगृहाच्या शाळेत ठेवायचा, तेराव्या वर्षापर्यंत त्याच्याकडून लॅटिन, गणित व क्रिकेट घोटून घ्यायचे आणि मग ईटन, हॅरो, विंचेस्टर यांसारख्या 'पब्लिक स्कूल'च्या दारात त्याला उभे करायचे, हे तेथील प्रिपरेटरी शाळेचे काम. पब्लिक स्कूल या नावावर जाऊ नका. त्या शाळा नावाच्याच सार्वजनिक. प्रत्यक्षात भरमसाट शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळा. इंग्रजांनी आमच्यावर राज्य केले, त्यांतील कित्येक अधिकारी याच मुशीतून निघाले होते. म्हणून ही मुशी कशी होती, ते आपण पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पब्लिक स्कूलमध्ये लहान-मोठी मुले एकत्रच राहत. आठ वर्षांचे पोर आणि अठरा वर्षांचा तरुण एका छपराखाली! लहानांचे किती हाल होत असतील याची कल्पना आपण करू शकता. तेव्हा लहानांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात असा विचार पुढे आला. आरमारातील लेफ्टनंट चार्ल्स मॉल्डन यांनी १८३७ साली काढलेली 'विंडलशॅम हाउस' ही अशा आरंभीच्या शाळांपैकी एक. पुढे आगगाड्या आल्या, मुलाला शंभर मैलांवर पाठविणे सोपे झाले आणि अशा शाळांचे पीकच आले.

यांतल्या दोन शाळा ऑक्सफर्डच्या. 'समर फील्ड्स' १८६४ मध्ये सुरू झाली ती एका बाईंमुळे. गरट्रूड मॅक्लॅरन यांचे पती व्यायामशाळा चालवीत. बाई स्वतः मुलांना लॅटिन व ग्रीक शिकवीत. ज्या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नव्हते, त्या काळात एक स्त्री मुलग्यांना ईटनच्या शिष्यवृत्तीसाठी तयार करीत होती, हे आमच्या विद्यार्थिनींनी विशेष ध्यानात घ्यावे. पुढे पंतप्रधान झालेले हॅरल्ड मॅकमिलन याच शाळेचे विद्यार्थी. दुसरी शाळा 'ड्रॅगन स्कूल'. ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी आपल्याच मुलांसाठी १८७७ मध्ये ती काढली, तेव्हा पटावर अवघी चौदा मुले होती. तिच्याविषयी पुढे सांगतो.

या शाळांच्या मुख्याध्यापकांची संघटना १८९२ मध्ये स्थापन झाली. कशावरून? अभ्यासक्रमावरून नव्हे, तर लहान मुलांसाठी क्रिकेटचा चेंडू केवढा असावा व दोन्ही यष्ट्यांमध्ये अंतर किती असावे, या चर्चेतून! हसू येते खरे; पण मुलाच्या हाताच्या मापाचा चेंडू असावा असा विचार करणारे शिक्षक मला तरी आवडतात. खेद इतकाच, की हाच विचार पुस्तकांना लावला गेला नाही. १९०४ पासून पब्लिक स्कूलसाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली आणि सगळी शाळा त्या एका परीक्षेभोवती फिरू लागली.

विन्स्टन चर्चिल यांची गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. १८८२ साली, वयाची आठ वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, त्यांना ॲस्कॉट येथील शाळेत ठेवले. पहिल्याच दिवशी हाती लॅटिनचे पुस्तक दिले आणि 'टेबल' या शब्दाची विभक्ती पाठ करायला सांगितली. त्यात संबोधनही होते : 'हे टेबला!' मुलाने निरागसपणे विचारले, की टेबलाशी बोलायचे कशाला? उत्तर मिळाले ते शिक्षेच्या धमकीचे. त्या शाळेत वेताच्या छडीचा मार इतका असे, की दोन वर्षांत त्यांना तेथून काढून ब्रायटनच्या दोन भगिनींच्या शाळेत घातले. तेथे माया होती, मुलगा सुधारला.

आता या शाळांतील दिनक्रम. पहाटे घंटा, काही ठिकाणी थंडीतही गार पाण्याच्या हौदात बुडी, प्रार्थना, लॅटिन, दुपारी मैदान, संध्याकाळी पुन्हा अभ्यास, रात्री लांबच लांब शयनगृहात ओळीने लोखंडी खाटा. प्रत्येकाजवळ घरून आणलेली खाऊची लाकडी पेटी. तिची किल्ली हीच काय ती त्या मुलाची खाजगी मालमत्ता. आणि रविवारी सक्तीचे पत्र. लेखक रोआल्ड डाल १९२५ साली, नऊ वर्षांचे असताना, समुद्रकाठच्या एका प्रिपरेटरी शाळेत गेले. त्यांनी लिहिले आहे, की पत्र लिहिताना मुख्याध्यापक मागून फिरत आणि वाचत. मग कोणता मुलगा लिहील, की मला येथे मारतात, मला येथे आवडत नाही? आईला दर आठवड्याला 'मजेत आहे' एवढेच कळे. रात्री मात्र हा मुलगा खाटेवर खाडीपलीकडच्या आपल्या घराच्या दिशेला तोंड करून झोपे. आईने त्यांची सर्व पत्रे फितीने बांधून जपून ठेवली होती, हे त्यांना ती १९६७ मध्ये वारल्यावर समजले.

हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांची मुले तर याहून दूर. येथील हवा मुलांना मानवत नाही आणि येथे वाढलेला मुलगा पुरता इंग्रज होत नाही, अशी त्यांची समजूत. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. वडील जे. जे. कला विद्यालयात शिक्षक. आयाच्या सहवासात वाढलेला हा मुलगा इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी सहज बोले. १८७१ मध्ये, सहा वर्षेही पूर्ण झाली नसताना, त्याला व तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी पैसे देऊन ठेवले आणि आईबाप मुलांना न सांगताच परतले. ती शाळा नव्हे, पण वृत्ती तीच. आपल्या कोकणातही कमावता बाप आखातात आणि मूल वसतिगृहात, अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

जॉर्ज ऑरवेल यांचा जन्म १९०३ चा, बिहारमधील मोतिहारीचा. वडील अफूच्या सरकारी खात्यात. १९११ मध्ये त्यांना ईस्टबोर्नच्या 'सेंट सिप्रियन्स' शाळेत घातले. मुलगा हुशार, शिष्यवृत्ती मिळवून शाळेचे नाव काढील, म्हणून शुल्क कमी केले. पण, ते लिहितात, की आपण दुसऱ्याच्या उपकारावर जगतो आहोत याची त्यांना जाणीव करून दिली जाई. इतिहास म्हणजे सनावळी; तिचा अर्थ कुणी सांगत नसे. मी स्वतः इतिहास शिकवतो, म्हणून हे वाचताना मला जरा टोचलेच. अंथरूण ओले होई म्हणून मार बसला, तेव्हा आपण सुधारूच शकत नाही असे त्या बालकाला वाटले. त्यांचा हा लेख त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये, प्रथम अमेरिकेत छापला गेला. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की त्याच शाळेच्या इतर काही विद्यार्थ्यांनी तिच्याविषयी प्रेमानेही लिहिले आहे.

आणि मुलगा ईटनला पोहोचलाच ना, असे कुणी म्हणेल. पोहोचला, १९१७ मध्ये, शिष्यवृत्तीवर. पण सक्तीवाचून पोहोचणारेही होते. ड्रॅगन स्कूलचे मुख्याध्यापक सी. सी. लायनम १८८६ ते १९२० या काळात शाळा चालवीत होते. ते नौकानयनाचे शौकीन, म्हणून मुले त्यांना तोंडावर 'स्किपर' म्हणत. मुख्याध्यापकाला टोपणनाव, तेही त्याच्यासमक्ष! शाळा मुलग्यांची असूनही तेथे काही मुली शिकल्या. पुढे लेखिका झालेल्या नेओमी मिचिसन त्यांपैकी एक. त्यांचे बंधू शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन हेही याच शाळेचे. ते पुढे ईटनला गेले, तेथे त्यांचा छळ झाला, ही गोष्ट वेगळी. हेच हाल्डेन उतारवयात भारतात आले, १९६१ मध्ये भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

आमच्या वाचकांना अधिक जवळचे नाव मन्सूर अली खान पतौडी यांचे. वडील इफ्तिखार अली खान इंग्लंड व भारत या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले. ते १९५२ साली मुलाच्या अकराव्या वाढदिवशीच पोलो खेळताना वारले. अलीगढ व डेहराडून येथे शिकलेला हा पोरका मुलगा इंग्लंडमध्ये हर्टफर्डशरच्या 'लॉकर्स पार्क' या प्रिपरेटरी शाळेत गेला. ही शाळा १८७४ ची. लॉर्ड माउंटबॅटन तिचेच माजी विद्यार्थी. म्हणजे शेवटचा व्हाइसरॉय आणि स्वतंत्र भारताचा कर्णधार एकाच शाळेचे! तेथे केंटचे जुने खेळाडू फ्रँक वुली यांनी मन्सूर यांना फलंदाजीचे धडे दिले. पुढे १९५९ मध्ये विंचेस्टरला त्यांनी एका मोसमात १,०६८ धावा काढून डग्लस जार्डिन यांचा तेथील विक्रम मोडला. याच जार्डिनशी वडिलांचे १९३२-३३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात मतभेद झाले होते. १९६१ च्या मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी १९६२ मध्ये, एकविसाव्या वर्षी, ते भारताचे कर्णधार झाले.

आपल्याकडे अशा शाळांची नक्कल करताना बहुधा टाय, बूट, छडी आणि 'मराठी-उर्दू बोलल्यास दंड' एवढेच उचलले जाते. वुलींसारखा गुरू, लायनमसारखा मुख्याध्यापक, बेताचा पट आणि रोजचे मैदान या गोष्टी महाग पडतात, म्हणून त्या माहितीपत्रकात असतात, शाळेत नसतात. मुलाला वसतिगृहात ठेवण्यापूर्वी पालकांनी इमारत जरूर पाहावी. पण मुलांची पत्रे किंवा फोन कुणाच्या देखरेखीखाली होतात, हे आधी विचारावे.

खुद्द इंग्लंडमध्ये पुष्कळ बदल झाला. सरकारी शाळांतून छडी १९८७ मध्ये गेली. खाजगी शाळांतून जायला मात्र १९९९ साल उजाडावे लागले. मुलग्यांच्या कित्येक शाळांनी मुलींना प्रवेश दिला. बऱ्याच ठिकाणी मुले सकाळी येऊन संध्याकाळी घरी जातात, किंवा सोमवारी येऊन शुक्रवारी. १ जानेवारी २०२५ पासून खाजगी शाळांच्या शुल्कावर वीस टक्के कर बसला आहे, त्यामुळे तेथील मध्यमवर्गीय पालकही आता वहीत हिशेब मांडू लागले आहेत.