परधानांची गाणी

नागपूरहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर, आदिलाबाद मागे टाकल्यावर, गुडीहत्नूर लागते. येथून उटनूरकडे फुटणारा रस्ता इंद्रवेल्लीवरून राजगोंडांच्या मुलखात शिरतो. नागोबाच्या जत्रेचे केसलापूरही त्याच बाजूस. या मुलखात गोंडांच्या कुळकथा गातात ते त्यांचे भाट, परधान. मौज अशी की, परधानांची मायबोली मराठी, आणि गायन मात्र गोंडीत! गोमंतकीय वाचकांस हा आपलाच आरसा उलटा धरल्यासारखा वाटेल. घरात कोंकणी आणि भजनात मराठी, ही तिकडची जुनी रीत.

पेर्सा पेन, म्हणजे कुळाचे थोर दैवत, याच्या पूजेत परधान किंगरी वाजवून कथा लावतो. महादेवाने गुहेत कोंडलेल्या पूर्वजांना पहांदी कुपार लिंगाल याने कसे सोडविले आणि चार, पाच, सहा व सात भावांचे गट कसे पाडले, हे तीत येते. सोयरीक कोठे जुळते व कोठे निषिद्ध, याचा निर्णय या गटांवरच होत असल्यामुळे, आम्हां वकिलांच्या दृष्टीने हे गाणे करमणूक नसून दस्तऐवज आहे. फरक इतकाच की तो दप्तरात नाही, कंठात आहे.

१९४० साली जोडेघाटास कोमुरम भीम मारला गेल्यावर निजाम सरकारचे लक्ष या डोंगराकडे वळले. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी त्या दशकात येथे राहून या कथा टिपल्या. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ साली निघाला. १९५६ च्या प्रांतरचनेत किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले, गुडीहत्नूर आंध्रात राहिले, आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे.

आता हीच गाणी ध्वनिमुद्रित होतात, तेव्हा ती कोणाची? १९५७ च्या कृतिस्वामित्वाच्या कायद्यास लेखक लागतो. येथे तो नाही. १९९४ च्या दुरुस्तीने गायकास हक्क दिला (त्या व्याख्येत गारुडीही बसतो!), पण तो गायनापुरता, गाण्याला त्याचा स्पर्श नाही. परधानांची रूढी मला याहून नेमकी वाटते. अमुक परधान घराण्याने अमुक गोंड घराण्यासाठीच गावे, हे वंशपरंपरेने ठरलेले. मोबदल्यात पूजेच्या वेळी आणि यजमानाच्या मृत्यूनंतरच्या विधीत दान मिळावे. ध्वनिमुद्रणाच्या करारनाम्यात गायकाची सही घेता येते. त्या यजमान घराण्याची सही कोठे घ्यावी, याची तरतूद कायद्याच्या एकाही कलमात नाही.